मुकुंदरावांचे रबरी मासे

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा माझी गाडी टायरवाल्याकडे लिफ्टवर चढवलेली होती. ऑक्टोबर संपत आला की इथे सगळ्यांना एकदमच हिवाळी टायरांची आठवण होते आणि टेर्मीन मिळता मिळत नाही, म्हणून शनिवारची साडेआठची मिळाली तीच मी घेतली होती. मशीनमधली बेचव कॉफी हातात होती. वहिनी म्हणाल्या, "संजय, पोलिस आलेत घरी. दोघं आहेत. तू बोल जरा यांच्याशी." वीस वर्षं वोल्फ्सबुर्गमध्ये राहिलेली, किंडरगार्टनमध्ये दिवसभर जर्मन मुलांना दटावणारी ही बाई. माझं जर्मन त्यांच्यापुढे काहीच नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हीच..." तर म्हणाल्या, "मला कळलंय ते काय म्हणतायत. पण मला ते तुझ्याकडून मराठीत ऐकायचंय." मग फोनवर एक तरुण आवाज आला. त्याने सावकाश, नीट सांगितलं. कालव्याच्या काठावर, उजाडता उजाडता, कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईंना दिसले, डॉक्टर येऊन गेले, करण्यासारखं काही उरलं नव्हतं, बहुधा हृदयविकार. मी दोनदा "जा", म्हणजे हो, म्हटलं आणि एकदा "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं. त्यात गेनाऊ म्हणण्यासारखं काय होतं कोण जाणे. फोन परत वहिनींकडे गेला आणि मी म्हटलं, "वहिनी, मुकुंदराव गेले." त्या म्हणाल्या, "बरं." पुढचे दोन टायर बसेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, कारण गाडी वर होती. जुने टायर ठेवून घेऊ का, असं मेकॅनिकने विचारलं, मी हो म्हटलं आणि हवाही बघायला सांगितली. खरं सांगायचं तर मला काही वाटलं नाही.

आज सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी पुष्कळ कामं केली. स्टांडेसआम्टच्या नोंदणी कचेरीत मृत्यूचा दाखला, त्याची भाषांतरं, त्यांच्या कारखान्यातल्या ऑफिसला कळवणं, अस्थी भारतात न्यायच्या म्हणून लागणारे कागद आणि त्या कागदांना लागणारे आणखी कागद. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. रडू मात्र आलं नाही. माझी बायको अनुजा दोनदा म्हणाली, "एकदा रडून घे रे." मी प्रयत्नसुद्धा करून पाहिला, बाथरूमचं दार लावून, आणि आरशात स्वतःचं तोंड बघून कंटाळून बाहेर आलो. हा लेखही मी तसाच लिहायला बसलो आहे, काम म्हणून. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो लिहिता येणार नाही. मुकुंदराव ज्या शनिवारी गेले तो शैलावहिनींचा साठावा वाढदिवस होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशीसुद्धा त्यांना ते रबराचे मासे खेळायला जावंसं वाटलं?" याचं उत्तर मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं, आणि मी ते दिलं नाही.

मुकुंद जोगळेकर मूळचे सांगलीचे. इथे गाड्यांच्या कारखान्यात रंगविभागात होते. गाडीचं अंग पत्र्याचं असतं आणि बंपर प्लास्टिकचा, दोघांवर एकच रंग मारला तरी तो एकसारखा दिसेलच असं नाही. उन्हात जुळतो आणि ट्यूबलाइटखाली फटकून वागतो. तो फटकून वागतो का, हे बघायचं त्यांचं काम. बारा वर्षांपूर्वी मी नवाच इथे आलो होतो आणि एक जुनी निळी गाडी घेतली होती, तेव्हा गणपतीच्या कार्यक्रमाबाहेर पार्किंगमध्ये हा अनोळखी गृहस्थ माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नमस्कार. पुढून ठोकलेली आहे ही. बंपर नंतर लावलाय." मला रंगात काडीचा फरक दिसेना. मी चिडलोच. सर्व्हिसिंगला गेल्यावर मेकॅनिकने तेच सांगितलं, तेव्हा मी त्यांचा नंबर शोधून फोन केला आणि मैत्री झाली ती अशी. ते माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. मी कायम अहो-जाहोच करत आलो, आणि ते मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत.

मी रेवदंड्याचा, मासे खाऊन वाढलेला. जर्मनीत आल्यावर मासेमारीचा परवाना काढला तो ताज्या माशाच्या हव्यासापायी. मुकुंदराव पक्के शाकाहारी, अंड्याच्या केकचीही चौकशी करणारे. एका रविवारी नुसतीच हवा खायला म्हणून माझ्याबरोबर कालव्यावर आले आणि माझ्या डब्यात वाकून बघत राहिले. बार्श आणि त्सांडर हे इथले शिकारी मासे, त्यांच्यासाठी हल्ली कोणी गांडूळ लावत बसत नाही, बोटभर लांबीचे मऊ रबराचे मासे लावतात. पन्नास रंगांचे मिळतात. "हे खातात?" त्यांनी विचारलं. खात नाहीत, फसतात, असं मी सांगितलं. त्यांनी एक नारिंगी मासा उचलला, आकाशाकडे धरून बघितला, बादलीत बुडवून बघितला, मग चालत पुलाच्या सावलीत गेले आणि तिथे बघितला. परत येऊन म्हणाले, "हा रंग खाली जाता जाता मरतो. दहा फुटांवर हा काळाच दिसणार." तिथेच मला कळायला हवं होतं की हा माणूस आता घरच्यांच्या हातून गेला.

परवान्याशिवाय इथे रॉड हातात धरता येत नाही. त्यासाठी कोर्स, मग परीक्षा. पन्नाशी पार केलेल्या या गृहस्थांनी दहावीच्या मुलासारखे प्रश्नसंच सोडवले, तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या आणि एकही प्रश्न चुकवला नाही. मासा पकडला तर त्याला हाल न करता कसं मारायचं, आधी डोक्यावर एक घाव आणि लगेच हृदयात सुरी, हेही शिकावं लागतं. त्याचा सराव त्यांनी घरी काकडीवर केला. वहिनी शेजारी उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "झाला का तुमचा खून? कोशिंबीर करायची आहे मला."

आणि परवाना हातात आल्यावर पहिल्याच दिवशी काय केलं, तर खिशातून पक्कड काढली आणि गळ कापून टाकला. म्हणजे असं की रबरी माशाच्या तोंडाशी शिशाचं एक डोकं असतं, त्यातूनच गळ निघतो आणि माशाच्या पाठीतून वर येतो. त्या गळाचा वाकडा भाग त्यांनी उडवला, नुसती सरळ काडी ठेवली. मी बघतच राहिलो. "मुकुंदराव, आता मासा लागणार कसा?" म्हणाले, "लागायला कशाला हवा?" रबरी मासा पाण्यात टाकायचा, तळाला जाऊ द्यायचा, रीळ दोनदा फिरवायचं की तो उडी मारतो, मग थांबायचं. तो पुन्हा खाली बसत असताना मासा झडप घालतो आणि दोरीतून बोटाला एक टक् लागते. तेवढी टक् त्यांना हवी होती. पुढचं काही नको होतं. "मला मारायचं नाहीये रे," ते म्हणाले. "मला फक्त विचारायचंय. हा रंग तुला दिसतो का, एवढंच."

यावरून आमच्या मासेमारीच्या क्लबात जे झालं ते इथल्याच माणसांत होऊ शकतं. होर्स्ट म्हणून क्लबचे एक जुने सभासद आहेत, निवृत्त फोरमन, कालव्याचा तो भाग स्वतःच्या अंगणासारखा सांभाळणारे. त्यांनी मुकुंदरावांचा बिनगळाचा मासा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि त्यांचा चेहराच पडला. "आल्झो, हेर जोगळेकर," ते म्हणाले, "मासा खायचा असेल तर पकडा. खायचा नसेल तर त्याला त्रास देऊ नका. असा नियम आहे." मुकुंदराव म्हणाले, "मी त्याला फक्त नाश्त्याचं विचारतो. नको म्हणाला तर आग्रह करत नाही." होर्स्टनी दोन आठवडे क्लबची नियमावली चाळली. गळ किती असावेत, केवढे असावेत, सगळं त्यात होतं, गळच नसला तर काय करायचं हे कुणी लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी नाद सोडला. पुढे पुढे तर तेच येऊन विचारू लागले, आज कुठला रंग घेताय?

हा रंगांचा वाद माझा आणि त्यांचा बारा वर्षं चालला. माझं म्हणणं, रंग हा दुकानदाराने माणसाला पकडायला काढलेला आहे, मासा बघतो आकार आणि वेग. त्यांचं म्हणणं, तू आंधळा आहेस म्हणून मासाही आंधळा आहे असं समजू नकोस. पाणी निवळ असेल तर भडक रंग लावायचा नाही, मासा बिचकतो, तपकिरी, हिरवट, असा पाण्यातलाच वाटेल असा लावायचा. पाऊस पडून गढूळ झालं की मग पिवळा, जहाल हिरवा. आभाळ भरून आलं आणि उजेड कमी झाला की सरळ काळा, कारण खालून बघणाऱ्याला वरच्या उजेडावर काळी आकृती सगळ्यांत स्पष्ट दिसते. हे सगळं बरोबरच असावं, पण ते सांगण्याची पद्धत अशी की ऐकणाऱ्याने भांडायलाच हवं. सकाळी मी मीटिंगमध्ये असताना फोन यायचा, "आभाळ बघितलंस का आज? छत्रीच्या कापडासारखं आहे. आज जांभळा." त्यांचा लाडका रंग मात्र कुठल्याच नियमात न बसणारा होता. दुकानात त्याला मोटर ऑइल म्हणतात. हातात धरला तर जुन्या इंजिनातल्या तेलासारखा मळकट, आणि उन्हाची तिरीप लागली की कडेने हिरवा होतो. "हा एकच प्रामाणिक आहे," असं म्हणायचे. मी विचारलं प्रामाणिक कसा, तर म्हणाले, जसा उजेड तसा दिसतो, उगाच आव आणत नाही.

त्यांची फजिती झाली तीही रंगापायीच. वेगवेगळ्या कंपन्यांचं रबर वेगळं असतं, ते एकमेकांना चिकटून ठेवायचं नाही, वितळून एक होतं, हे कोणताही मासेवाला तुम्हाला सांगेल. पण रंगविभागातला माणूस ते रंगाप्रमाणेच लावणार. लालाशेजारी नारिंगी, नारिंगीशेजारी पिवळा, असे तीनशे मासे त्यांनी एका मोठ्या डब्यात इतके सुंदर मांडले होते की मी फोटो काढला. तो डबा जुलैत गाडीच्या डिकीत राहिला. उघडला तेव्हा आत एकच मासा होता, डब्याच्या आकाराचा. दुसरा कुणी हळहळला असता. यांनी सुरीने त्याचा काप काढला, उजेडाकडे धरला आणि मला म्हणाले, "संजय, हे बघ, पांढऱ्यात लाल कसा शिरलाय!" वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाढदिवसाला बायकोला हाच केक आणा."

वहिनी कालव्यावर कधी आल्या नाहीत. माशांबद्दल त्या बोलतच नसत. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या, भंडारी. इंजिनियरिंग कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला असताना मुकुंदरावांशी ओळख झाली आणि दोन्ही घरांच्या विरोधात लग्न झालं. मग वर्षभराने सांगलीच्या घरात घेतलं, ते सासूबाईंच्या एका अटीवर, की मासा या घरात येणार नाही आणि सुनेच्या तोंडी लागणार नाही. वहिनींनी हो म्हटलं. पुढे सासूबाई गेल्या, सासरे गेले, घर गेलं, देश बदलला, पण अट तशीच राहिली, कारण ती आता मोडू या असं कुणी कुणाला म्हटलंच नाही. आमच्याकडे जेवायला आल्या की मुकुंदरावांसारख्याच वरणभात घ्यायच्या. अनुजाने एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "नको गं, सवय गेली आता." आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. मुकुंदरावांनी सगळ्यांत जास्त.

सप्टेंबरात मला एक चांगला त्सांडर मिळाला, हातभर लांब. अनुजा कामावर होती, आणि मी रेवदंड्याचा असलो तरी मासे साफ आईने केलेले, मी फक्त खाल्लेले. दोघं चहाला म्हणून आले तेव्हा मी स्वयंपाकघरात घाम पुसत खवले उडवत होतो, टाइल्सवर, चष्म्यावर, सगळीकडे. वहिनी पाणी घ्यायला आत आल्या. जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सरक बाजूला." बाह्या वर केल्या, सुरी बोटावर पारखली, आणि काय सांगू, पाच मिनिटांत कल्ले बाहेर, पोट स्वच्छ, तिरक्या सुरीने एकसारख्या तुकड्या. हात एकदाही अडखळला नाही. एक तुकडी त्यांनी अंगठ्याने दाबली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ताजा आहे." हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या. तेवढ्यात त्यांना दारात कप घेऊन उभे असलेले मुकुंदराव दिसले. वहिनी एकदम सरळ झाल्या. "संजयला जमत नव्हतं," त्या म्हणाल्या. मुकुंदराव म्हणाले, "अगं, मी कुठे काय म्हटलं?" वहिनींनी साबणाने हात धुतले, लिंबाने धुतले. मी तुकड्या तळायला टाकायच्या आत दोघं निघाले. बाहेर कोट चढवताना वहिनींनी उजव्या हाताची बोटं पुन्हा एकदा नाकाशी नेली. ते मी बघितलं, आणि मुकुंदरावांनीही बघितलं.

त्यानंतर महिन्याभराने आम्ही कालव्यावर होतो. तासभर झाला तरी त्यांनी रंग बदलला नव्हता. बरं नाही का, मी विचारलं. ते म्हणाले, "तेहेतीस वर्षं झाली. ती खात नाही म्हणाली, मी बरं म्हटलं. तुला कधी खावासा वाटतो का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. इथे येऊन माशांना विचारत बसलो." मी माझी दोरी गुंडाळून पुन्हा टाकली. मग ते म्हणाले, "संजय, मासा घरी न्यायचा झाला तर रंग कुठला लावू?" मला हसू आलं. "मुकुंदराव, रंग कुठलाही लावा, गळ लावा म्हणजे झालं." तेही हसले. मी म्हटलं, मी देतो ना पकडून, दोन किलोचा देतो. "नको. मीच नेणार. साठावा आहे तिचा." मारावा लागेल हं, मी आठवण करून दिली. म्हणाले, "काकडी मारलीय मी." मग म्हणाले, "शनिवारी पहाटे येतोस?" मी म्हटलं, टायरची टेर्मीन आहे, परत तीन आठवडे मिळायची नाही. "राहू दे. मी साडेआठपर्यंत घरी येतोच, ती उठायच्या आत."

पोलिसांनी त्यांचं सामान माझ्या ताब्यात दिलं तेव्हा मी सही करून ते गाडीत आणून उघडलं. रॉडच्या दोरीला मोटर ऑइल रंगाचा मासा होता आणि त्याच्या पाठीतून गळ वर आलेला होता. अख्खा. बारा वर्षांत त्यांच्या दोरीला मी तो प्रथमच बघत होतो. पिशवीत डब्याबरोबर नेतात तशी बर्फाची थैली होती, नवीन प्लास्टिकची पिशवी होती, आणि मासा मारायची लहानशी लाकडी मोगरी, तिच्यावरचं दुकानाचं लेबलही काढलेलं नव्हतं. मासा नव्हता. मी गाडी सुरू न करता बसून राहिलो. वहिनींना सांगितलं, तर माझ्यासाठी मासा आणायला गेले आणि मेले, हे त्या जन्मभर घेऊन बसणार. न सांगितलं, तर माझ्या साठाव्या वाढदिवशीही मला टाकून खेळायला गेले, हे घेऊन बसणार. दोन्ही पारडी मी पुष्कळ वेळा तोलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सवय हो, वहिनी." त्या म्हणाल्या, "हो. सवयच." मग म्हणाल्या, "फ्रीजरमधली बर्फाची थैली दिसत नाही. त्यांनी नेली होती का?" मी म्हटलं, "पाणी गार ठेवायला नेली असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऑक्टोबरात?" मी रॉड नेऊन माझ्या केलरमध्ये, तळघरातल्या खोलीत, ठेवला.

इथवर लिहून झालं होतं, आणि रविवारी वहिनींनीच बोलावलं. इमारतीच्या तळघरात त्यांची केलरची खोली आहे, तिथे मुकुंदरावांनी दोऱ्या बांधून, चिमटे लावून शेकडो मासे टांगलेले होते, एका भिंतीवर पांढरा दिवा, एका भिंतीवर पिवळा. या रबराला कंपन्या बडीशेपेचा वास लावतात, माशांना आवडतो म्हणे. वहिनी म्हणाल्या, "माझ्या सगळ्या साड्यांना बडीशेपेचा वास येतो. घेऊन जा हे." मी निघताना तो रॉड गाडीत टाकला होता. कशासाठी, हे मला सांगता येत नाही. तासभर आम्ही दोघं चिमटे काढत होतो, मासे खोक्यांत भरत होतो. आणि मग एक चिमटा हातात धरून वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ते उठले तेव्हा मी जागी होते. आज तरी जाणार नाहीत असं वाटलं होतं. बूट घातल्याचा आवाज आला, तशी मी भिंतीकडे तोंड करून पडले. ते दारात थांबले होते, संजय. बराच वेळ थांबले होते. मी वळले नाही."

मी गाडीकडे गेलो आणि रॉड घेऊन आलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्सांडर साफ केला तो दिवस, कालव्यावरचं बोलणं, बर्फाची थैली, मोगरी. त्या एका उलट्या खोक्यावर बसून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, मी रॉड दिला. त्यांनी तो रबरी मासा तळहातावर घेतला, गळाच्या टोकावरून अंगठा फिरवला, जपून, माहीत असलेल्या माणसासारखा. "गरी लावली होती त्यांनी," त्या म्हणाल्या. आमच्याकडेही गळाला गरीच म्हणतात. मी म्हटलं, हो.

"मासा कुठला मिळतो इथे?"

"बार्श. नाहीतर त्सांडर."

"म्हणजे गोड्या पाण्यातला."

"हो, वहिनी. कालवाच तो."

"शीः," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते असं निघालं की माझ्या आईची आठवण झाली. आणि मग त्या हसायला लागल्या. "तेहेतीस वर्षांनी माझ्यासाठी मासा आणायला निघाले, आणि तोही गोड्या पाण्यातला! अरे, चव तरी असते का त्याला? चिखल लागतो नुसता. सांगलीकरांना कोण सांगणार..." हसता हसता त्यांचा श्वास अडकला, त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी तसाच उभा होतो. केलरमधला दिवा वेळ झाली की आपोआप बंद होतो, तो बंद झाला, मी हात हलवून पुन्हा लावला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पण खाल्ला असता रे. आणला असता तर सगळा खाल्ला असता. काटासुद्धा ठेवला नसता."

मी खोकी बंद करायला घेतली. ती करताना लक्षात आलं की गळ उघडाच आहे, घरात असा ठेवणं बरं नव्हे, म्हणून मुकुंदरावांचीच पक्कड उचलली. "वहिनी, द्या इकडे, टोक कापतो. हाताला लागेल."

त्यांनी रॉड अंगाशी ओढून घेतला. "कापू नकोस," त्या म्हणाल्या. "तेवढा एकच त्यांनी माझ्यासाठी लावला होता."

मी पक्कड खाली ठेवली. खोकी एकेक करून वर नेली, डिकीत रचली, डिकी लावली, आणि तिथेच, त्यांच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या पत्र्याला डोकं टेकून मी रडलो. वरच्या खिडकीत दिवा लागला होता. वहिनी रॉड घेऊन स्वयंपाकघरात आल्या होत्या आणि तो कुठे उभा करावा ते बघत होत्या.